कोयाजी, बानू जहांगीर

कोयाजी, बानू जहांगीर : (१९१७–१५ जुलै २००४). सूतिविज्ञान (गर्भारपण व प्रसूती यांविषयीचे शास्त्र) आणि स्त्रीरोगविज्ञान या विषयांच्या भारतीय तज्ञ, पुण्याच्या किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयाच्या दीर्घकाळ प्रमुख व पुणे जिल्ह्यातील वढू ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या प्रवर्तक. विद्यापीठातील एखाद्या अध्यासनापेक्षा प्रसूतिकक्ष आणि खेड्यातील ओटा हीच त्यांच्या अध्यापनाची मुख्य स्थाने होत. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला प्रसूतिपरिचर्येचे शास्त्रशुद्ध शिक्षण देता येते आणि तिने घरोघर जाऊन टिपलेल्या नोंदींवर स्त्रीआरोग्याचे संशोधन उभे राहू शकते, या दोन गोष्टी त्यांच्या कार्यातून महाराष्ट्रात प्रत्ययास आल्या.

बानूबाईंचा जन्म मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव कापडिया. वडील पेस्तनजी हे स्थापत्य अभियंता होते. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली. जहांगीर कोयाजी या अभियंत्याशी विवाह झाल्यानंतर त्या पुण्यास स्थायिक झाल्या. जहांगीर यांचे बंधू डॉ. एदलजी कोयाजी यांची पुण्यात गोरगरिबांचे वैद्य म्हणून ख्याती होती. त्यांनाच बानूबाई आपले गुरू मानीत.

१९४४ मध्ये त्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्या वेळी ते सुमारे ४० खाटांचे, मुख्यत्वे बाळंतपणासाठी वापरले जाणारे रुग्णालय होते. पाच दशकांहून अधिक काळ बानूबाईंचा त्याच्याशी संबंध राहिला आणि त्या अवधीत ते ५०० हून अधिक खाटांचे, अनेक विशेष शाखांचे, अध्यापन व संशोधन करणारे रुग्णालय बनले. या वाढीचा इतिहास इमारती व देणग्या यांच्या तपशिलाने सांगता येईल; परंतु बानूबाईंचे वेगळेपण त्यात नाही. रुग्णालय वाढत असताना त्याच्या भिंतींबाहेर राहिलेल्या स्त्रियांची त्यांनी जी चिंता केली, तीत ते आहे.

ही चिंता समजण्यासाठी तत्पूर्वीच्या परिस्थितीकडे वळणे अवश्य आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत बाळंतपण सुईणीच्या हातून होई. सुईणपणाची विद्या सासूकडून सुनेकडे वा आईकडून मुलीकडे चालत येई. बाळंतपण व वार यांना विटाळ मानल्यामुळे हे काम बहुधा हीन लेखलेल्या जातींतील स्त्रियांकडे सोपविलेले असे; ज्यांच्या हाती बाईचा जीव द्यावयाचा, त्यांनाच ओसरीवर बसण्याची मुभा नसावी, ही विसंगती त्या काळी फारशी कोणास खटकली नाही. अनुभवी सुईण पोटावरून हात फिरवून मुलाचे डोके कोठे आहे हे अचूक सांगे आणि अडलेल्या बाईला धीर देण्याचे कामही तीच करी. मात्र हात धुणे, नाळ कापण्याचे साधन उकळणे यांमागील कारण तिला ठाऊक नसे. त्यामुळे प्रसूतीनंतरचा जंतुदोषजन्य ताप आणि अर्भकाचा धनुर्वात यांनी अनेक बळी जात. अर्भकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होतो. पाचवीच्या व सटवीच्या पूजेचे दिवस तेच असल्याने तो देवीचा कोप समजला जाई.

सुईणींना शिकविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाले. भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी स्थापन झाला. ⇨आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास सादर केलेला प्रबंध प्राचीन हिंदूंच्या सूतिशास्त्रावर होता. मात्र पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची संधी त्यांना लाभली नाही. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला, तो खास सुईणींच्या प्रशिक्षणासाठी. त्याला बेताचेच यश आले. शिकविणाऱ्यांची भाषा सुईणींना समजत नसे, वर्गास येण्यात त्यांची मजुरी बुडे आणि शिकून परतल्यावर बिदागी वाढत नसे. पुण्यात ⇨रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने निराळा मार्ग धरला. त्याने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने सुशिक्षित घरांतील विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिका व प्रसविका यांचे शिक्षण दिले. पांढरपेशा वर्गातील स्त्रीने हे काम पत्करणे ही त्या काळी लहान क्रांतीच होती. मुंबई प्रांतात परिचारिका व प्रसविका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. तथापि नोंदणीकृत प्रसविका शहरात राहिल्या आणि खेडे सुईणीकडेच राहिले. भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार साऱ्या देशात प्रशिक्षित प्रसविका सुमारे ५,००० होत्या, म्हणजे साधारणतः ६०,००० लोकवस्तीस एक. आणि दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मृत्युमुखी पडत होत्या.

बानूबाईंनी के. ई. एम. मध्ये कामास आरंभ केला तो याच काळात. प्रतिजैविके (जंतुनाशक औषधे) तेव्हा दुर्मिळ होती. पुढे १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन होऊन १९५५ पासून पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. त्या पिंपरीच्या माळावर पुढील दोन दशकांत पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी उभी राहिली. रुग्णालयांतील बाळंतपण औषधे व रक्तपुरवठा यांमुळे सुरक्षित होत गेले. मात्र दोन दिवस अडून, गाडीतून आणलेली, रक्त कमी असलेली ग्रामीण स्त्री रुग्णालयाच्या दारी पोहोचे, तेव्हा डॉक्टरांच्या हाती थोडेच उरलेले असे. पुण्यापासून वीस-पंचवीस मैलांवर राहणाऱ्या बाईला शहरातील सुधारणांचा लाभ मिळत नव्हता.

कुटुंबनियोजन हे त्यांचे दुसरे कार्यक्षेत्र. ⇨रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी हे काम हाती घेतले आणि बानूबाई त्यांच्या सहकारी झाल्या. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया रोज पाहणाऱ्या या डॉक्टरांच्या दृष्टीने हा प्रथमतः मातेच्या जीविताचा प्रश्न होता, देशाच्या लोकसंख्येचा नंतर. शासकीय कार्यक्रमात मात्र लक्ष्यपूर्तीला महत्त्व आले. १९७५–७७ या आणीबाणीच्या काळात सक्तीच्या शस्त्रक्रियांमुळे या विषयाचीच लोकांना धास्ती बसली. बानूबाईंनी शासनाच्या सल्लागार म्हणूनही काम केले. लोकसंख्यानियंत्रणावर त्यांनी दिलेला भर काही अभ्यासकांना अधिक वाटतो. पण आधी मूल जगेल याची खात्री द्या, मग आई पाळणा थांबवील, हा वढू येथील कामाचा क्रम होता आणि लक्ष्यांच्या पद्धतीहून तो भिन्न होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. लक्ष्यपद्धती केंद्र शासनाने १९९६ मध्ये सोडून दिली.

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव पुण्याच्या ईशान्येस, भीमा नदीच्या परिसरात आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते सर्वांना परिचित आहे. १९७२ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाने येथे आरोग्यकार्यास प्रारंभ केला. त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता आणि खेड्यांतील स्त्रिया दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. आरंभी प्रसूतीची व उपचारांची सोय करण्यावर भर होता. परंतु केवळ लहान रुग्णालय उघडल्याने भागत नाही, हा अनुभव लवकरच आला. गरोदर बाई दुखणे असह्य झाल्यावाचून येत नसे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची संमती, दिवसाची मजुरी आणि वाहन या तिन्हींची जुळणी झाल्याविना तिचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. यामुळे गावातीलच स्त्री-पुरुषांना निवडून प्राथमिक आरोग्याचे शिक्षण देण्याचा निर्णय झाला व १९७७ पासून, राज्य शासनाच्या सहकार्याने, या कामास व्यापक रूप आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र शासनाने सामुदायिक आरोग्यसेवकांची योजना सुरू केली आणि १९७८ मध्ये आल्मा-आता येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. रजनीकांत व मेबल आरोळे यांचे जामखेड येथील काम (१९७०) हे या दिशेने झालेले महाराष्ट्रातील आणखी एक महत्त्वाचे कार्य होय. वढूचे वैशिष्ट्य असे की, त्यामागे शहरातील एक पूर्ण विकसित अध्यापन-रुग्णालय उभे होते. गावातील सेविकेने पाठविलेल्या रुग्णाला शेवटपर्यंत उपचार मिळण्याची साखळी तेथे तुटत नव्हती.

अशा प्रशिक्षणात पुस्तकी व्याख्यांना गौण स्थान असते. डोळ्यांच्या खालच्या पापणीचा फिकटपणा, पायांवर व चेहऱ्यावर येणारी सूज, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, गरोदरपणात अंगावर रक्त जाणे, मूल आडवे असणे ही धोक्याची चिन्हे सेविकेने ओळखावयाची. लोहाच्या गोळ्या व धनुर्वातप्रतिबंधक लस गरोदर बाईपर्यंत पोहोचवावयाची. जन्मलेल्या मुलाचे वजन करून ते लिहून ठेवावयाचे. काय करावे याइतकेच काय करू नये हेही शिकवावे लागते : वार लवकर पडावी म्हणून नाळ ओढू नये, अडलेल्या बाईचे पोट दाबू नये, नाळेवर राख वा शेण लावू नये. सुईणीला हटवून तिच्या जागी दुसरी नेमण्यापेक्षा तिच्या हाती स्वच्छ पाते व दोरा देऊन तिला आपलेसे करणे अधिक फलदायी ठरते, असा त्या पिढीतील ग्रामीण आरोग्यकार्यकर्त्यांचा अनुभव होता. तथापि रक्तस्राव थांबविणे वा शस्त्रक्रिया करणे सुईणीच्या आवाक्याबाहेरचे असल्याने केवळ तिच्या प्रशिक्षणाने मातामृत्यू फारसे घटत नाहीत, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या अनुभवावरून दिसून आले आणि धोरणाचा रोख कुशल प्रसविका व रुग्णालयातील प्रसूती यांकडे वळला. या टीकेत तथ्य आहे. परंतु ज्या गावातून पक्का रस्ताही जात नव्हता, तेथे त्या काळी दुसरा पर्याय कोणता होता, हेही विचारावयास हवे.

तरुण मुलींसाठीचा उपक्रम हा बानूबाईंच्या उत्तरायुष्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय. मातेचे आरोग्य गरोदरपणात सुधारावयास घेणे म्हणजे उशीर करणे, असे त्यांचे मत झाले होते. बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळेतून काढली जाते, घरात शेवटी व उरलेसुरले जेवते, लवकर लग्न होऊन विशीच्या आत आई होते. तिच्या रक्तक्षयाचे मूळ तेथे असते. मुलीच्या विवाहाचे किमान वय १९७८ मध्ये कायद्याने १८ करण्यात आले होते, पण व्यवहारात ते पाळले जात नव्हते. म्हणून वढू परिसरात खेड्यांतील मुलींना शरीरविज्ञान, आहार, कायदेशीर हक्क व हस्तव्यवसाय यांचे शिक्षण देण्याची योजना आखण्यात आली. मुलींशी मासिक पाळीविषयी उघड बोलणे आयांनाही संकोचाचे वाटे, तेव्हाची ही गोष्ट आहे.

के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र बानूबाईंच्या कारकीर्दीत उभे राहिले. त्यातील स्त्रीआरोग्यविषयक संशोधनापैकी पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मातामृत्यूंचा अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. बेला गणात्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३–९५ या काळात ४०० खेड्यांत झालेल्या १२१ मातामृत्यूंची माहिती अनेक मार्गांनी गोळा केली आणि तशाच स्वरूपाच्या गुंतागुंतीतून वाचलेल्या स्त्रियांशी त्यांची तुलना केली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. दगावलेल्या स्त्रियांच्या बाबतीत उपचार घेण्याचा निर्णय उशिरा झाला होता, निर्णयानंतरही पहिल्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला होता आणि योग्य उपचार सुरू होण्यापूर्वी त्यांना अनेक ठिकाणी फिरावे लागले होते. एका दवाखान्याने दुसरीकडे, दुसऱ्याने तिसरीकडे पाठविणे हेच मृत्यूचे एक कारण ठरत होते. गावात मुक्कामी परिचारिका असणे, प्रसूतीस प्रशिक्षित व्यक्ती हजर असणे, नवरा शिकलेला असणे आणि आजारपणात बाई माहेरी असणे या गोष्टी जीव वाचविण्यास साहाय्यक ठरल्या. माहेराविषयीचा हा निष्कर्ष आकडेशास्त्राने सिद्ध करावा लागला, एवढेच. जात्यावर बसणाऱ्या बायकांना तो पूर्वापार ठाऊक होता. गरोदरपणातील मृत्यूंच्या कारणांत घरातील मारहाण दुसऱ्या क्रमांकावर आढळली. सुमारे दोन-तृतीयांश मातामृत्यूंची सरकारी दप्तरात तशी नोंदच झालेली नव्हती. आई गेलेल्या अर्भकांपैकी पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचे प्रमाणही बरेच अधिक होते.

याच संस्थेच्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात ग्रामीण भागातील गर्भपातांचाही अभ्यास केला. गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध झाला असला, तरी खेड्यातील स्त्रिया व प्रशिक्षित डॉक्टर यांच्यातील अंतर कमी झालेले नव्हते. आणि विवाहित स्त्रियांच्या गर्भपातांत गर्भलिंगनिदानानंतर मुलगी नको म्हणून केलेल्यांचा वाटा लक्षणीय असल्याचे त्यातून दिसले. औषधांच्या साहाय्याने करावयाच्या गर्भपाताची पद्धत शहरी रुग्णालयाबाहेर कितपत सुरक्षित आहे, याची चाचणीही के. ई. एम. च्या डॉक्टरांनी ग्रामीण व शहरी महाराष्ट्रात घेतली. या औषधास भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली.

चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत सुरू केलेल्या मातृपोषण-अभ्यासाने तर वैद्यकातील एका रूढ समजुतीस धक्का दिला. या खेड्यांतील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३·५ किग्रॅ. होते. परंतु भारतीय अर्भकांत स्नायूंच्या मानाने चरबी अधिक राखलेली आढळली. मूल दिसावयास किरकोळ, पण पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे घेऊन जन्मलेले. गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे खाणाऱ्या स्त्रियांची मुले अंगापिंडाने मोठी, तर शेतीची व पाणी वाहण्याची कष्टाची कामे अधिक करणाऱ्यांची मुले लहान असल्याचे शोभा राव व इतरांनी दाखविले. मातेच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक असल्यास मुलाच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिनाला विरोध निर्माण होतो, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाकाहारी आहाराची चाल असलेल्या प्रदेशात त्याचे महत्त्व उघड आहे. हे संशोधन बानूबाईंचे स्वतःचे नव्हे. परंतु आईच्या ताटात काय वाढले जाते हा वैद्यकाचा विषय आहे, हा आग्रह त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेत मुरलेला होता.

भारत शासनाने १९८९ मध्ये पद्मभूषण हा किताब देऊन बानूबाईंचा गौरव केला. १९९३ मध्ये त्यांना लोकसेवेसाठीचा रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या ‘सकाळ’ वृत्तपत्रसंस्थेच्या संचालक मंडळावरही त्यांनी काम केले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

वढू परिसराचे स्वरूप त्यांच्या हयातीतच पालटू लागले होते. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी चाकणकडे सरकली. चाकण–शिक्रापूर मार्गाच्या आजूबाजूस, सणसवाडी, कोरेगाव भीमा व रांजणगाव येथे कारखाने व गुदामे उभी राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये के. ई. एम. संशोधन केंद्राने शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत प्रत्येक घरातील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. त्या नोंदींत शेतकरी कुटुंबांबरोबर मराठवाडा, विदर्भ व परराज्यांतून कामासाठी येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबेही आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या व त्यांपैकी सुमारे चतुर्थांश शस्त्रक्रियेने. २०१८–२० मध्ये राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. अडलेल्या बाईला बैलगाडीतून नेण्याचे दिवस संपले. मात्र कारखान्यामागच्या खोलीत दिवस भरलेल्या स्त्रीजवळ सासू नसते, शेजारीण परभाषी असते आणि माहेर पाचशे किलोमीटरांवर असते. अशा घरी जाऊन चौकशी करणारी ‘आशा’ कार्यकर्ती ही २००५ नंतरच्या शासकीय योजनेतील असली, तरी तिच्या कामाची पद्धत वढूच्या सेविकांच्या ओळखीची आहे.